स्पीडची नस पकडणारा राल्फ

समृद्धी महामार्गाला गाडी लागली की स्टिअरिंगवरचं एक बटण दाबायचं आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय निवांत काढून घ्यायचा. गाडी आपली शंभरच्या स्पीडने पळत राहते. क्रूझ कंट्रोल! ही सोय आता आपल्याकडे मधल्या बजेटच्या गाड्यांमध्येही मिळते. पण ती ज्याच्या डोक्यातून आली, त्या माणसाने आयुष्यात एकदाही स्पीडोमीटर पाहिला नव्हता. पाहणार कसा? लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती.

त्याचं नाव राल्फ टीटर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हेगर्सटाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1890 साली राल्फचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना सुरीशी खेळताना ती त्याच्या एका डोळ्यात घुसली. तो डोळा गेलाच, पण वर्षभरात दुसऱ्या डोळ्यानेही दगा दिला. एका डोळ्याला खोल इजा झाली की कधी कधी शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही उलटते. तेव्हा त्यावर इलाज नव्हता.

घरच्यांनी मात्र त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. टीटर कुटुंबच यंत्रवेडं. राल्फच्या काकांनी रेल्वेच्या रुळांवरून पायडल मारत जाणारी सायकल बनवली होती. रुळांची तपासणी करणाऱ्या कामगारांसाठी ती होती आणि घरातल्या कारखान्याची सुरुवात तिच्यापासूनच झाली. राल्फ याच कारखान्यात, अवजारांच्या आवाजात वाढला. कुठला स्क्रू कुठे बसतो, गिअरचा दात झिजलाय का, हे तो बोटांनी ओळखायचा. बाराव्या वर्षी चुलत भावाला सोबत घेऊन त्याने चक्क एक चालती मोटारगाडी तयार केली. साल होतं 1902. हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात यायला अजून सहा वर्षं होती.

पुढे त्याला इंजिनीअर व्हायचं होतं. न दिसणारा मुलगा ड्रॉइंग कसं करणार, लॅबमध्ये काय करणार, असे प्रश्न त्या काळात कुणालाही पडले असते. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. पुस्तकं दुसऱ्यांनी वाचून दाखवायची, आकृत्या त्याने डोक्यात उभ्या करायच्या, असं करत 1912 मध्ये तो मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडला.

पहिल्या महायुद्धात टीटर कॅम्डेनच्या जहाज कारखान्यात होते. नौदलाच्या विनाशिकांमधल्या वाफेच्या टर्बाइनचा रोटर प्रचंड वेगाने फिरतो. त्याचं वजन सगळीकडे नीट विभागलेलं नसेल तर तो थरथरतो आणि यंत्र मोडायची वेळ येते. रोटर फिरता असताना त्याचा तोल साधण्याची पद्धत टीटर यांनी शोधली. थरथर पाहण्यापेक्षा हाताला जास्त कळते, आणि या हातांना त्याची सवय होती.

युद्धानंतर ते गावी, घरच्या कंपनीत परतले. कंपनी आता पिस्टन रिंग बनवत होती आणि पुढे ‘परफेक्ट सर्कल’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. टीटर 1936 मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनीअर्सच्या सोसायटीचे अध्यक्ष झाले. दहा वर्षांनी ते कंपनीचेही अध्यक्ष झाले.

हँड थ्रॉटलचं दुखणं

आता थोडं मागे जाऊ, कारण पाय न लावता रेस धरून ठेवायची कल्पना काही टीटर यांची नव्हती. मॉडेल टी गाडीची रेस तर हातानेच द्यायची. स्टिअरिंगखाली त्यासाठी छोटी दांडी असायची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डवरही हँड थ्रॉटलचा खटका होता. आपल्याकडे गावाकडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरवर मळणी यंत्र लावलं की हाताने रेस सेट करतात, तीच ही गोष्ट.

ऑफ-रोडिंग करणारे आजही जुन्या जीपला हँड थ्रॉटल बसवून घेतात. दगडधोंड्यांतून लो गिअरमध्ये चढताना गाडी उसळते, गाडीबरोबर आपला पाय उसळतो, पायाबरोबर रेस कमी-जास्त होते आणि गाडी आणखी उसळते. रेस हाताने एका जागी धरली की हे चक्र तुटतं. शिवाय चढावर पाय ब्रेक आणि क्लचसाठी मोकळे राहतात.

बसवणं सोपं वाटतं. डॅशबोर्डवर खटका आणि तिथून कार्ब्युरेटरपर्यंत एक केबल, बस्स. धोका बारीकसारीक गोष्टींत असतो. केबल गरम सायलेन्सरच्या पाइपजवळून नेली तर तिचं कव्हर वितळतं. तीव्र वळण दिलं तर ती आत अडकते. खटका बंद असताना केबलला थोडी ढील हवी, नाहीतर इंजिन कधी आयडलला येतच नाही. रेस मागे आणणारी मूळ स्प्रिंग दणकट हवी. इंजिन बंद करायचा स्विच हाताशी हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हँड थ्रॉटल ओढलेला असताना पायाने रेस वाढवता येते, पण कमी करता येत नाही. पाय काढला तरी गाडी ओढतच राहते. बाइकची मूठ सोडली की ती आपोआप मागे फिरते, तसं इथे होत नाही. म्हणून हँड थ्रॉटल फक्त कच्च्या रस्त्यावर, कमी वेगात वापरायचा. डांबरी रस्त्यावर तो जीवघेणा ठरू शकतो.

त्याची दुसरी अडचण टीटर यांच्या कामाला थेट भिडते. हँड थ्रॉटल रेस धरून ठेवतो, वेग नाही. चढ आला की तेवढ्याच रेसवर गाडी मंदावते आणि उतारावर सुसाट सुटते.

हिसके देणारा वकील

दुसऱ्या महायुद्धात टायरचं रबर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी 35 मैलांची, म्हणजे साधारण 56 किलोमीटरची वेगमर्यादा होती. त्या काळात टीटर यांना गाडीतून नेणाऱ्यांत त्यांचे पेटंटचे वकीलही असत. वकीलसाहेबांची एक सवय होती. बोलायला लागले की गाडी मंद आणि ऐकायला लागले की वेगात. इतरांच्या कदाचित हे लक्षातही आलं नसतं. खिडकीबाहेर पाहणाऱ्याचं मन रस्त्यात रमतं. टीटर यांना मात्र प्रत्येक हिसका अंगाला जाणवायचा. माणसाचा पाय एकसारखा राहत नाही, मग ते काम यंत्राकडे द्यावं, असं त्यांनी ठरवलं आणि घरच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले.

यंत्राला आधी वेग कळायला हवा. त्यासाठी त्यांनी गव्हर्नर वापरला. जेम्स वॅटने अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनावर लावला होता, त्याच जातीचा. फिरणारी वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात, कमी झाला की आत येतात. टीटर यांनी हा गव्हर्नर गाडीच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर चालवला, त्यामुळे तो इंजिनाची रेस न मोजता गाडीचा खरा वेग मोजू लागला. ड्रायव्हरने डॅशबोर्डवर वेग ठरवायचा. तिथे पोचलं की इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालणारा एक पिस्टन अॅक्सिलरेटरचं पायडल उलट ढकलायचा.

गंमत बघा. सुरुवातीच्या या रचनेत वेग लॉक होतच नव्हता. पाय पायडलवरच ठेवायचा आणि तळव्याला उलटा दाब जाणवला की समजायचं, मर्यादा आली. स्पीडोमीटरकडे पाहायची गरजच नाही. डोळ्यांचं काम टीटर यांनी स्पर्शाकडे सोपवलं होतं, जसं ते स्वतः जन्मभर करत आले होते.

या शोधाचं पेटंट त्यांना 22 ऑगस्ट 1950 रोजी मिळालं. नाव ठेवलं ‘स्पीडोस्टॅट’. पुढे चाचण्यांत ड्रायव्हर मंडळींना वेग धरून ठेवणारी सोय हवीशी वाटली, तेव्हा टीटर यांनी विद्युतचुंबकाने चालणारं लॉक जोडलं. पण अट अशी की ब्रेकला पाय लागला की लॉक सुटलंच पाहिजे. हँड थ्रॉटल सोडायचं लक्षात ठेवणं माणसाच्या गळ्यात होतं. इथे घाबरून ब्रेक दाबणं हीच सोडायची कृती झाली. संकटात पाय जिथे आपसूक जातो, तिथेच सुटका ठेवलेली.

क्रायस्लर कंपनीने 1958 च्या महागड्या मॉडेल्समध्ये हे यंत्र ‘ऑटो-पायलट’ म्हणून दिलं. नंतर कॅडिलॅकने ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव रुळवलं. सुरुवातीला ती श्रीमंतांची चैन होती. 1973 च्या तेलसंकटानंतर चित्र बदललं. एकसारख्या वेगाने इंधन वाचतं, हे लोकांना खिशातून कळलं.

टीटर केवळ या एका शोधावर थांबले नव्हते. कुलपं, गवत कापायचं यंत्र, मासेमारीच्या गळाची दांडी धरायचा स्टँड, कशात ना कशात त्यांचे हात गुंतलेले असत. स्वतःच्या आंधळेपणाचा त्यांनी कधी बाऊ केला नाही. 15 फेब्रुवारी 1982 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले. 1988 मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं.

आजच्या गाड्यांत फिरत्या वजनांच्या जागी सेन्सर आहे आणि पिस्टनच्या जागी कॉम्प्युटर. पण हिशोब तोच आहे. खरा वेग मोजायचा, ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहायचा, फरक भरून काढायचा. पावसात, घाटात आणि गर्दीत हे बटण बंदच ठेवायचं, कारण निसरड्या रस्त्यावर चाक सरकतंय हे साधी क्रूझ सिस्टीम ओळखत नाही. तिथे पायाला आणि अंगाला जे कळतं, त्यावरच गाडी चालवायची. आणि ब्रेकला नुसता स्पर्श झाला की क्रूझ सुटतं, ही टीटर यांची अट आजवर कुणी बदललेली नाही.