तिरप्या उजेडातली सही

'फर्स्ट कॉपी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की त्यात काही खोटं आहे असं कुणाला वाटतच नाही. स्टॉलवाला घड्याळ हातात ठेवतो आणि सांगतो, आत स्विस मशीन आहे, ओरिजिनलवाल्यांच्याच कारखान्यातला माल आहे. कधी तबकडीला भोक पाडून आतलं बॅलन्स व्हील दाखवलेलं असतं आणि त्याला बिनधास्त 'टूर्बियाँ' म्हणतात. हा शब्द ज्याच्यामुळे घड्याळांच्या जगात आला, तो माणूस स्वतःच्या हयातीतच नकलांनी हैराण झाला होता. हे वाचलं आणि मी त्याच्या मागेच लागलो.

अब्राहम-लुई ब्रेगे. जन्म १७४७, न्यूशातेल, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडमध्ये. वडील लवकर गेले. आईने दुसरं लग्न केलं आणि सावत्र वडिलांच्या घरी धंदा घड्याळांचा. पोरगं फ्रान्समध्ये उमेदवारी करून शिकलं आणि १७७५ मध्ये पॅरिसला सीन नदीतल्या बेटावर स्वतःचं दुकान थाटलं. चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी आपोआप चावी भरणारं खिशातलं घड्याळ त्याने चांगलं चालवून दाखवलं. हातून पडलं तरी बॅलन्सचा नाजूक दांडा मोडू नये म्हणून शॉक अॅब्सॉर्बर काढला. गिऱ्हाइकांत राणी मारी आंत्वानेतपासून नेपोलियनपर्यंत सगळे. क्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, पॅरिस सोडून पळावं लागलं. १७९५ मध्ये परतला.

नाव मोठं झालं तसे नक्कल करणारेही वाढले. भलत्याच कारागिरांची घड्याळं त्याच्या नावाने विकली जायची, काहींवर तर नावाचं स्पेलिंगही धड नसायचं! यावर त्याचं उत्तर पक्कं इंजिनिअरचं. पँटोग्राफला अणकुचीदार टोक लावून इनॅमलच्या तबकडीवर इतकी बारीक सही कोरायची, की समोरून काही दिसू नये. घड्याळ तिरपं धरून उजेड पाडला तरच ती दिसते. (आपल्या जर्नलवरच्या सह्यांना ही सोय नाही, हे काहींचं नशीब.) अर्थात हाही कायमचा इलाज नव्हता, पुढे गुप्त सहीचीही नक्कल झाली.

मला जास्त आवडलं ते त्याचं स्वस्तातलं घड्याळ. १७९७ मध्ये त्याने त्याचं माहितीपत्रकच छापलं. एकच काटा, साधी रचना, ऑर्डर देताना चौथाई रक्कम, बाकीची घड्याळ मिळाल्यावर. तासाचे पाच-पाच मिनिटांचे भाग, त्यामुळे वेळ अंदाजानेच वाचायची. कमी काय आहे ते तबकडीवरच उघड. जाहिरात असावी तर अशी!

आता टूर्बियाँ. पेटंट १८०१ चं. खिशातलं घड्याळ बराच वेळ उभं राहतं, त्यामुळे बॅलन्सच्या तोलात जराशी चूक असली तरी गुरुत्वाकर्षण ती एकाच बाजूला दाखवत राहतं. ब्रेगेने बॅलन्स आणि एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवून अख्खा पिंजराच फिरवला, म्हणजे चुका फेरीभरात एकमेकींना खोडतात. म्हणून स्टॉलवर एवढंच बघा: पिंजरा गोल फिरतोय का? नुसतं चाक मागेपुढे होत असेल तर ते प्रत्येक मेकॅनिकल घड्याळात असतं. आणि मनगट दिवसभर हलतच असतं, तेव्हा खऱ्या टूर्बियाँचाही तिथे फायदा थोडाच.

ब्रेगे १८२३ मध्ये वारला. मारी आंत्वानेतसाठी १७८३ मध्ये मागवलेलं १६० नंबरचं घड्याळ पुरं झालं १८२७ मध्ये. राणीला जाऊन तोवर चौतीस वर्षं झाली होती. पुढे ते जेरुसलेमच्या म्युझियममधून १९८३ मध्ये चोरीला गेलं. ते सापडल्याची बातमी २००७ मध्ये आली, तोवर ब्रेगे कंपनीने जुन्या माहितीवरून त्याची प्रतिकृती बनवायला घेतलीच होती. ती २००८ मध्ये लोकांसमोर आली. तिला नंबर दिलाय ११६०.