व्याकरणकार लिंडले मरे

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दांच्या जाती ओळखाव्याच लागतात. वाक्य समोर ठेवावयाचे आणि त्यातील एकेका शब्दाला, तू नाम की क्रियापद, विशेषण की क्रियाविशेषण, असे विचारीत जावयाचे, हा अभ्यास कोणास मौजेचा वाटतो, तर कोणास जाचाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतील असंख्य शाळांत हा अभ्यास एकाच पुस्तकावरून होत असे. ते लिहिणारा गृहस्थ शाळामास्तर नव्हता. तो आरंभी वकील होता, पुढे व्यापारी झाला; आणि हे पुस्तक त्याने लिहिले तेव्हा चार पावले चालणेही त्याला कठीण झाले होते.

लिंडले मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात झाला. त्यांचे वडील रॉबर्ट मरे ह्यांची तेथे पिठाची गिरणी होती. पुढे ते न्यूयॉर्कला गेले व मोठे व्यापारी म्हणून प्रसिद्धीस आले. त्या शहरात मरे हिल ह्या नावाचा जो भाग आहे, तो ह्याच कुटुंबाच्या नावाने ओळखला जातो. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. क्वेकर लोक साधेपणाने राहतात, निःशब्द बसून प्रार्थना करतात, आणि युद्ध हे पाप समजतात. अशा शांत घरात जन्मलेला लिंडले मात्र लहानपणी मोठा खोडकर व चंचल होता. एका जागी स्वस्थ बसणे त्याला ठाऊकच नव्हते.

वडील करड्या शिस्तीचे होते. मुलाने आपली पेढी सांभाळावी अशी त्यांची इच्छा होती. मुलाला हिशेबाच्या वह्यांचा कंटाळा होता. एकदा परवानगीवाचून सायंकाळी बाहेर गेल्याबद्दल वडिलांनी त्याला शिक्षा केली. ती त्याच्या मनाला इतकी लागली की, त्याने गुपचूप घर सोडले. असे पळून गेलेले मूल बहुधा बंदरावर जाते, नाहीतर एखाद्या जहाजावर चढते. हा मुलगा न्यू जर्सीतील बर्लिंग्टन गावी गेला आणि तेथील एका निवासी शाळेत स्वतःच आपले नाव घालून फ्रेंच भाषा शिकू लागला! काही काळाने घरच्या मंडळींना त्याचा ठावठिकाणा लागला व समजूत घालून त्याला परत नेण्यात आले. ह्या प्रसंगापासून वडीलही काहीसे निवळले. त्यांनी मुलासाठी घरी शिक्षक ठेवला.

पुढे लिंडलेने वकील होण्याचा हट्ट धरला. वडील ऐकेनात. तेव्हा त्याने वाद न घालता आपली सारी कारणे नीट क्रमवार लिहून काढली. ते लिखाण वडिलांचे वकील बेंजामिन किसम यांच्या दृष्टीस पडले. मुलाची बाजू त्यांना पटली आणि त्यांनीच वडिलांचे मन वळविले. मुद्दा मांडण्याची ही हातोटी पुढे व्याकरणाच्या कामी आली असे मला वाटते; कारण व्याकरणातही प्रत्येक गोष्टीला तिच्या जागी ठेवणे हेच मुख्य कौशल्य असते. किसम यांच्या कचेरीत लिंडलेसोबत जॉन जे नावाचा तरुण कायद्याचा अभ्यास करीत होता. हाच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला सरन्यायाधीश झाला. १७६७ साली मरे यांचा हॅना डॉब्सन हिच्याशी विवाह झाला. त्यांना मूलबाळ झाले नाही, परंतु पुढील सर्व संकटांत ह्या बाईने पतीला जो आधार दिला, त्यावाचून मरे यांच्या हातून काहीच घडले नसते.

वकिली चांगली चालली होती. इतक्यात १७७५ साली अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. मरे न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंड ह्या बेटावरील इस्लिप गावी जाऊन राहिले. युद्धामुळे मिठाची टंचाई झाली होती, म्हणून त्यांनी मीठ पिकविण्याचा उद्योग आरंभिला. पण त्या प्रदेशावर इंग्रजी फौजांचा ताबा येताच तो बुडाला. मग ते शहरात परतले आणि ज्या व्यापाराला त्यांनी लहानपणी नाक मुरडले होते, त्यातच शिरले. त्यात त्यांना इतके यश आले की, १७८३ साली युद्ध संपले तेव्हा काम सोडून स्वस्थ राहण्याएवढी संपत्ती त्यांच्याजवळ होती. ईस्ट नदीच्या काठी बेलव्ह्यू नावाची सुंदर वाडी त्यांनी घेतली. पुढे त्या जागी न्यूयॉर्कचे प्रसिद्ध बेलव्ह्यू रुग्णालय उभे राहिले.

नेमक्या ह्याच वेळी त्यांच्या शरीराने दगा दिला. पायांचे स्नायू दुर्बल होऊ लागले. झऱ्यांचे पाणी, हवापालट, विश्रांती, सर्व उपाय झाले. थंड हवेच्या प्रदेशात उतार पडेल असे वैद्यांनी सांगितल्यावरून १७८४ च्या अखेरीस पतिपत्नी इंग्लंडला निघाली. मरे कुटुंबाचा इंग्रजांशी असलेला व्यापार नव्या राजवटीत डोळ्यांत खुपत होता, हेही देश सोडण्याचे एक कारण असावे, असे काही अभ्यासक मानतात. काही झाले तरी, दोन-तीन वर्षांत परत यावयाचे म्हणून ते निघाले आणि पुन्हा मायदेशाचे दर्शन त्यांना घडले नाही.

इंग्लंडच्या उत्तरेकडे यॉर्क हे तटबंदीचे जुने शहर आहे. त्याच्या जवळच होलगेट येथे मरे यांनी घर घेतले. आरंभी ते बागेत थोडे फिरत, पुढे चाकांच्या खुर्चीत बसून फिरू लागले, आणि शेवटी तेही बंद झाले. आयुष्याची अखेरची सुमारे सोळा वर्षे त्यांनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. सकाळी त्यांना दिवाणखान्यातील कोचावर आणून बसवीत. तेथेच त्यांचे वाचन, लेखन आणि भेटीगाठी चालत.

यॉर्कमध्ये क्वेकर पंथाने मुलींसाठी एक शाळा काढली होती. तेथील तरुण शिक्षिकांना मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवावयाचे होते, पण त्यांचे स्वतःचे व्याकरण कच्चे होते. त्या काळी इंग्लंडात व्याकरण म्हटले की लॅटिन भाषेचे व्याकरण, आणि लॅटिन शिकावयाचे ते मुलांनी! मुलींना ती दारे बहुतेक बंदच असत. म्हणून ह्या शिक्षिका मरे यांच्या घरी येऊन त्यांच्याजवळ शिकू लागल्या. काही दिवसांनी त्यांनी आपल्या गुरूला पत्र लिहून, मुलींना समजेल असे एक व्याकरण लिहून देण्याची विनंती केली. मरे संकोचले. मोठमोठ्या पंडितांची व्याकरणे असताना आपण कोण, असे त्यांना वाटले. परंतु शिक्षिकांनी आग्रह सोडला नाही, आणि १७९५ साली त्यांचे इंग्रजी व्याकरण यॉर्क येथे छापून निघाले.

ह्या पुस्तकात त्यांनी इंग्रजी शब्दांच्या नऊ जाती मानल्या. आर्टिकल म्हणजे नामापूर्वी येणारे अ, अॅन, द हे लहान शब्द ही त्यांतील एक. नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी ह्या बाकीच्या आठ. ही वाटणी काही मरे यांनी शोधून काढलेली नव्हती. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक वैयाकरणांनी शब्दांचे आठ वर्ग केले होते. ते रोमन लोकांनी लॅटिनसाठी घेतले. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून त्यांनी ते गाळले आणि केवलप्रयोगीला वेगळी जागा देऊन आठ ही संख्या कायम राखली. इंग्रजीसाठी नऊ जातींची मांडणी बिशप रॉबर्ट लोथ यांनी १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात केली होती, आणि मरे यांनी मुख्यतः लोथ यांचाच मार्ग धरला.

मग मरे यांचे स्वतःचे असे काय होते? मुलांना एखादी गोष्ट कोणत्या क्रमाने सांगावी, ह्याची जाण त्यांची होती. पाठ करावयाचे नियम त्यांनी मोठ्या टाइपात छापविले आणि बारकावे लहान टाइपात खाली दिले. त्यामुळे नवशिक्याने मोठी अक्षरे वाचावीत व जाणत्याने लहानही वाचावीत अशी सोय झाली. १७९७ साली त्यांनी उदाहरणांचे वेगळे पुस्तक काढले. त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये दिली होती. विद्यार्थ्याने चूक हुडकून ती सुधारावयाची. ज्यांना शिक्षक मिळत नसे, अशांसाठी उत्तरांची पुस्तिकाही त्यांनी लिहिली.

हा सराव इंग्रजीला फार आवश्यक आहे. मराठीत पाण्याने, पाण्याला, पाण्यात असे प्रत्यय लागले की ते नाम आहे हे रूपावरूनच कळते. इंग्रजीत तसे नाही. वॉटर हाच शब्द एका वाक्यात पाणी ह्या अर्थाने नाम असतो आणि दुसऱ्या वाक्यात झाडांना पाणी घालणे ह्या अर्थाने क्रियापद होतो. लाइट हा शब्द तर कधी उजेड, कधी हलका, कधी पेटविणे! शब्द तोच, परंतु वाक्यातील त्याचे स्थान व काम बदलले की त्याची जात बदलते. जे विद्यार्थी नुसती व्याख्या घोकतात ते येथे अडखळतात. जे वाक्याकडे पाहतात ते तरून जातात.

मरे यांच्या व्याकरणाच्या त्यांच्या हयातीतच सुमारे पन्नास आवृत्त्या निघाल्या, आणि संक्षिप्त व्याकरणाचा खप त्याहूनही मोठा झाला. त्यांचे वाचनाचे पुस्तक अमेरिकेत घरोघरी गेले. अब्राहम लिंकनने ते लहानपणी वाचले होते. टीकाही पुष्कळ झाली. त्यांनी दुसऱ्यांची वाक्येच्या वाक्ये उचलली, असे विरोधक म्हणत, आणि त्यात तथ्य होते. परंतु आपण संग्राहक आहोत हे मरे यांनी लपविले नव्हते. ज्यांच्या ग्रंथांचा उपयोग केला, त्यांची नावे त्यांनी प्रस्तावनेत सांगितली होती. इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात बसविण्याचा दोष मात्र त्यांच्याकडेही येतो.

पुस्तकांपासून मिळालेला पैसा त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. तो परोपकाराच्या कामी लावला. १८२६ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, होलगेट येथे त्यांचे निधन झाले. पत्नीच्या पश्चात उरणारी संपत्ती गुलामांच्या मुक्ततेसाठी, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी व अशाच इतर कामांसाठी खर्च व्हावी, अशी त्यांनी व्यवस्था करून ठेवली होती. १८३५ साली बोस्टनच्या अंधशाळेने त्यांचे संक्षिप्त व्याकरण उठावाच्या अक्षरांत छापले. ज्याला पायांनी बाहेर जाता येत नव्हते, त्याचे पुस्तक आता बोटांनी वाचले जाऊ लागले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३६ साली, इकडे मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्या बावीस वर्षांच्या तरुणाने मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. दादोबांपुढे इंग्रजी व्याकरणाची धाटणी होती. आपल्याकडे यास्काचार्यांनी नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे शब्दांचे चारच वर्ग सांगितले होते. मराठी शाळांत मात्र पुढे इंग्रजी वळणाची मांडणी रूढ झाली. मरे यांच्या नऊ जातींतून मराठीत नसलेले आर्टिकल वजा केले की आठ जाती उरतात. मराठीच्या तासाला फळ्यावर लिहिल्या जातात त्या ह्याच.