मेट्रो स्टेशनवर ज्यांचं नाव आहे, ते नाना शंकरशेट रेल्वेसोबत मराठीसाठीही भांडले होते

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली. या मार्गावर मुंबई सेंट्रलला उतरायचं असेल, तर त्या नावाचं स्टेशन शोधत बसू नका. तिथल्या मेट्रो स्टेशनचं नाव आहे जगन्नाथ शंकरशेट.

आता हे शंकरशेट कोण, असं विचारलं तर बहुतेक जण पहिली रेल्वे म्हणून मोकळे होतात. ते खरंच आहे, पण अर्धंच.

नानांचा जन्म १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. आडनाव मुरकुटे, घराणं दैवज्ञ सोनारांचं. वडिलांनी मुंबईत व्यापारात अफाट पैसा कमावला. १८२२ मध्ये वडील गेले आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात सगळा कारभार आला. बाजारात नानांची पत अशी की अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी त्यांच्याकडे ठेवायचे.

एवढा पैसा हातात आल्यावर माणूस काय करतो? नानांनी तो शाळांमध्ये घातला.

१८२० च्या दशकात मुंबईत नव्या शिक्षणाची सुरुवात होत होती. नाना त्यात पहिल्यापासून होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा. १८४९ च्या सुमारास एल्फिन्स्टनच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. मुलगी शिकली की विधवा होते, असं मानणारा तो काळ. शहरातल्या सर्वांत वजनदार शेटजींनी दार उघडलं, त्यामुळे टीका करणाऱ्यांची पंचाईत झाली.

पण त्यांची मोठी लढाई वेगळीच होती.

१८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. नाना त्याचे सदस्य. पुढे बोर्डाचे अध्यक्ष झाले सर अर्स्किन पेरी. हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांचा आग्रह होता की शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. १८४७ मध्ये वाद पेटला. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे हिंदी सदस्य एका बाजूला उभे राहिले. कर्नल जर्विस या इंग्रज अधिकाऱ्यानेही त्यांचीच बाजू घेतली.

गंमत म्हणजे नानांना इंग्रजी उत्तम यायचं, आणि इंग्रजी शिकण्याला त्यांचा विरोधही नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंग्रजी मूठभरांनाच परवडणार. ज्ञान खेड्यापाड्यातल्या पोरापर्यंत न्यायचं तर ते त्याच्या भाषेतच न्यावं लागेल. वाद वर सरकारपर्यंत गेला. कॉलेज इंग्रजीकडे गेलं, पण शाळांमध्ये मराठी, गुजराती टिकून राहिल्या.

याच धामधुमीत रेल्वेचंही चाललं होतं. १८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी रेल्वेसाठी संस्था काढली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी आली. तिचं सुरुवातीचं ऑफिस नानांच्या वाड्यातच थाटलं होतं, असं सांगतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली.

त्याच्या आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ ला, नानांच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन सुरू झाली होती. हिंदी लोकांची गाऱ्हाणी थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे मांडणारी ही मुंबईतली पहिली राजकीय संघटना. म्हणजे इंग्रजांसोबत रेल्वे आणायची आणि इंग्रजांविरुद्ध अर्जही करायचे! साहजिकच १८५७ च्या उठावात सरकारला त्यांचाही संशय आला. पण पुरावा काही सापडला नाही आणि नाना सुटले. १८६२ मध्ये तर त्याच सरकारने त्यांना कायदेमंडळात घेतलं.

३१ जुलै १८६५ ला नाना गेले. त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये ती रोह्याकडच्या एका मुलाने पटकावली. तो मुलगा म्हणजे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख.

मुंबई सेंट्रल रेल्वे स्टेशनला नानांचं नाव द्या, ही मागणी जुनी आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा प्रस्ताव मंजूर केला. जमिनीखालच्या स्टेशनवर मात्र ते नाव लागलंसुद्धा. तिथून कफ परेडच्या गाडीत बसलात, तर दुसरं स्टेशन गिरगाव, जिथे मुलींची शाळा भरायची. आणि चौथं सीएसएमटी, म्हणजे बोरीबंदर.