मीराबेन
मीराबेन (मूळ नाव: मॅडलिन स्लेड, जन्म: २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंड, मृत्यू: २० जुलै १९८२, ऑस्ट्रिया) या महात्मा गांधींच्या निकटच्या सहकारी होत. वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमातील मातीच्या घरांच्या रचनेशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

पूर्वायुष्य
त्यांचे वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. त्यांच्या नेमणुकीमुळे मॅडलिन यांनी किशोरवयात सुमारे दोन वर्षे मुंबईत काढली. बेथोव्हनच्या संगीताच्या ओढीने त्या फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांना भेटल्या. त्यांच्याकडूनच त्यांना गांधीजींची ओळख झाली. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या. मीरा हे नाव त्यांना गांधीजींनी दिले.

सेवाग्राममधील घरे
ग्रामसेवेसाठी मीराबेन शेगाव (१९४० पासून सेवाग्राम) येथे गांधीजींच्या आधीच राहण्यास गेल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे आले. त्यांच्यासाठी बांधायचे घर स्थानिक साहित्याचे, गावच्या कारागिरांच्या हातचे व अल्प खर्चाचे असावे, अशी अट होती. त्यानुसार माती, बांबू, लाकूड व कवेलू वापरून ‘आदी निवास’ उभा राहिला.

पुढे मीराबेन यांनी स्वतःसाठी कुटी बांधली. मातीच्या भिंती आणि खाली उतरलेले छप्पर यांमुळे वर्ध्याच्या कडक उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. भिंतींवर त्यांनी मातीतच ताडाची झाडे व चरखा उठावात साकारला. अशा घराला वेळोवेळी लिंपण करावे लागते व कवेलू फेरावे लागतात. मात्र त्यासाठी लागणारे साहित्य व कौशल्य गावातच मिळते. आदी निवासात गर्दी वाढल्यावर गांधीजी या कुटीत राहू लागले. मीराबेन यांचे घर अशा रीतीने ‘बापू कुटी’ झाले. दोन्ही वास्तू आजही जतन केलेल्या आहेत.

उत्तरायुष्य
१९४२ च्या आंदोलनात त्यांना गांधीजींसह पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी हिमालयात ऋषिकेश व टिहरी परिसरात काम केले. बांज वृक्षाची वने हटून चीड वाढत असल्याने डोंगरउतारांची पाणी धरण्याची क्षमता घटते व पुराचा धोका वाढतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांच्या इशाऱ्याकडे त्या काळी पुरेसे लक्ष दिले गेले नाही. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला व पुढे ऑस्ट्रियात वास्तव्य केले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण पुरस्कार दिला.