शेताच्या बांधावर गेलेले महाविद्यालय

मे १९०६. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेच्या आवारातून एक गाडी बाहेर पडली. जनावरे जुंपलेल्या त्या गाडीत नांगर होता, कोळपे होते, बियाण्यांचे व खतांचे नमुने होते, लोणी काढण्याचे यंत्र आणि दुधाची प्रत तपासण्याचे साहित्यही होते. ही गाडी ज्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी निघाली होती, त्यांच्यापैकी अनेकांनी शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. जे महाविद्यालयापर्यंत पोहोचू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत महाविद्यालयानेच गेले पाहिजे, या विचाराचे ते चालते-बोलते रूप होते. गाडीची आखणी केली होती प्रा. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी.

मराठी वाचकाला कार्व्हर हे नाव परके नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्राने ते घराघरात पोहोचविले. भुईमुगापासून शेकडो पदार्थ तयार करणारा शास्त्रज्ञ, ही त्यांची प्रतिमा जगभर रुजली. मात्र राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत आज ज्याला विस्तार शिक्षण म्हणतात, त्या विद्याशाखेच्या उभारणीतील त्यांचा वाटा या प्रतिमेआड झाकला गेला आहे.

कार्व्हर यांचा जन्म १८६४च्या सुमारास मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ गुलामगिरीत झाला. तान्हेपणीच लुटारूंनी त्यांना आईसह पळवून नेले. मूल परत मिळाले, आईचा मात्र पुन्हा कधीच पत्ता लागला नाही. मालक मोझेस कार्व्हर आणि त्यांच्या पत्नीने त्यांना वाढविले. शिक्षणासाठी त्यांना गावोगाव भटकावे लागले. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून त्यांनी पोट भरले. कॅन्सस राज्यातील एका महाविद्यालयाने तर केवळ वर्णामुळे त्यांना दारातूनच परत पाठविले. पुढे आयोवा राज्यातील सिम्पसन महाविद्यालयात ते चित्रकला शिकू लागले. तेथील कलाशिक्षिका एटा बड यांना त्यांची वनस्पतींची जाण दिसली आणि त्यांनी या विद्यार्थ्याला एम्स येथील कृषी महाविद्यालयाची वाट दाखविली. तेथे १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. त्या महाविद्यालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पहिले कृष्णवर्णीय अध्यापकही ठरले.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. गुलामगिरीतच जन्मलेल्या वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी संस्था उभी केली होती. तिचा कृषी विभाग कार्व्हर यांनी सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. एम्समधील स्थिर नोकरी सोडून कार्व्हर अलाबामात दाखल झाले, तेव्हा प्रयोगशाळा म्हणावी असे तेथे काहीच नव्हते. टाकाऊ बाटल्या आणि मोडके सामान गोळा करून त्यांनी विद्यार्थ्यांसह पहिली उपकरणे तयार केली. १८९७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कृषी प्रयोगकेंद्राला मान्यता दिली आणि त्यासाठी वर्षाला दीड हजार डॉलरची तरतूद केली. तेवढ्या तुटपुंज्या रकमेत या विभागाचा संसार सुरू झाला.

खरी अडचण मात्र आवाराबाहेर होती. वर्षानुवर्षे केवळ कापूस घेतल्याने जमिनीचा कस गेला होता. पिकाचा वाटा देऊन दुसऱ्याची जमीन कसणारी कुटुंबे दुकानदाराच्या उधारीत बुडालेली होती. विकतचे खत घ्या, असे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यामुळे पैसा न लागणारे उपाय शोधणे हेच कार्व्हर यांनी प्रयोगकेंद्राचे धोरण ठरविले. जंगलातील पालापाचोळा, दलदलीतील गाळ आणि शेण यांचे कुजवून केलेले खत, तसेच कापसानंतर चवळीसारखे हवेतील नत्र जमिनीत आणणारे पीक, यांवर त्यांचा भर राहिला. १९०५ मध्ये त्यांनी कस गेलेल्या जमिनी पुन्हा सुपीक कशा कराव्यात यावर पुस्तिका काढली. अशा चाळीसहून अधिक पुस्तिका त्यांनी लिहिल्या. त्यांची पहिली, १८९८ची पुस्तिका ओकच्या झाडाची फळे जनावरांना खाऊ घालण्याविषयी होती. फुकट मिळणाऱ्या वस्तूपासून आरंभ करण्याची ती दृष्टी अखेरपर्यंत टिकली. शेतकरी, शिक्षक आणि गृहिणी यांना समजेल अशी साधी भाषा हे या पुस्तिकांचे वैशिष्ट्य होते.

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष दाखविणे हाच मार्ग होता. १८९७ पासून टस्कीगीत दरमहा शेतकऱ्यांचे मेळावे भरू लागले. १९०४ मध्ये, शेतीची कामे कमी असतात अशा हिवाळ्याच्या दिवसांत, अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू झाला. सुटीच्या दिवशी कार्व्हर स्वतः अवजारे व रोपे घेऊन वस्त्यांवर जात. या फेऱ्यांतून आणि वॉशिंग्टन यांच्या आग्रहातून फिरत्या शाळेची कल्पना आकाराला आली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, म्हणून ती ‘जेसप वॅगन’ झाली.

नोव्हेंबर १९०६ मध्ये या प्रयोगाला सरकारी आधार मिळाला. प्रात्यक्षिकांद्वारे शेतीशिक्षण देण्याचे प्रवर्तक सीमन नॅप यांच्या पुढाकाराने अमेरिकेच्या कृषी खात्याने टस्कीगीचेच विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल यांना नेमले. ते देशातील पहिले कृष्णवर्णीय कृषी विस्तार कर्मचारी ठरले. पुढे कॅम्पबेल यांच्याकडे दक्षिणेतील अनेक राज्यांतील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या देखरेखीचे काम आले आणि टस्कीगी हे या कामाचे केंद्र बनले. १९१८ मध्ये जनावरांच्या गाडीची जागा मोटारीने घेतली. नंतर शेतीतज्ज्ञासोबत गृहविज्ञान शिकविणारी शिक्षिका आणि परिचारिकाही वस्त्यांवर जाऊ लागल्या.

विभाग असा वाढत असताना त्याचे संस्थापक मात्र त्याच्या केंद्रस्थानी राहिले नव्हते. कार्व्हर उत्तम शिक्षक होते. प्रशासक म्हणून ते कमी पडले. हिशेब, नोंदी, कोंबड्यांच्या खुराड्याचा कारभार या सर्वांत ते मागे पडत. १९०४ मध्ये खुराड्याविषयीच्या त्यांच्या अहवालांवर संस्थेच्याच समितीने ठपका ठेवला. वॉशिंग्टन यांच्याशी खटके उडत, राजीनाम्याची भाषा वारंवार होई. अखेर १९१० मध्ये कृषी विभागाची धुरा त्यांचे सहकारी जॉर्ज ब्रिजफोर्थ यांच्याकडे गेली आणि कार्व्हर यांच्याकडे संशोधन व प्रयोगकेंद्र राहिले. हा निर्णय त्यांच्या जिव्हारी लागला. तरी त्यांनी टस्कीगी सोडले नाही.

याच सुमारास कापसाची बोंडे पोखरणारे सोंडे अलाबामात शिरले आणि पर्यायी पिकांची निकड सर्वांनाच पटली. १९१६ मध्ये भुईमुगाची लागवड आणि त्याचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी त्यांची पुस्तिका निघाली. १९२१ मध्ये भुईमुगावरील आयातशुल्कासंबंधी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी दिलेल्या साक्षीने ते देशभर प्रसिद्ध झाले. या प्रसिद्धीत अतिशयोक्तीही शिरली. पीनट बटर हा त्यांचा शोध नव्हे. त्यांच्या नावावर अवघी तीन पेटंट होती आणि त्यांतून मोठा उद्योग उभा राहिला नाही. भुईमुगाची ती पुस्तिकासुद्धा मुळात विस्तारकार्यच होती. पिकविलेले घरात खाल्ले जावे आणि दुकानदाराची उधारी कमी व्हावी, हा तिचा हेतू होता.

मोठा अन्याय कायद्याच्या वाटेने झाला. १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारकार्यासाठी केंद्राचा पैसा राज्यांकडे वाहू लागला. दक्षिणेत मात्र त्याची सूत्रे गोऱ्यांच्या कृषी महाविद्यालयांकडे गेली. अलाबामात ती ऑबर्न येथील महाविद्यालयाकडे आली. ज्या संस्थेने आठ वर्षांपूर्वीच शेतावरची शाळा चालवून दाखविली होती, तिला स्वतःचा हक्काचा निधी मिळाला नाही.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथेच कार्व्हर यांचे निधन झाले. अविवाहित राहिलेल्या या प्राध्यापकाने आयुष्यभराची पुंजी आपल्या नावाच्या संशोधन प्रतिष्ठानला दिली. वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. टस्कीगी आणि कृष्णवर्णीयांच्या इतर कृषी महाविद्यालयांना विस्तारकार्यासाठी केंद्राचा थेट निधी मिळू लागला तो १९७२ मध्ये. जेसप वॅगन आवारातून बाहेर पडली, त्याला तेव्हा ६६ वर्षे उलटली होती.