फळीवर गादी घालणारे प्राध्यापक : मधु दंडवते

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना आपण रात्री सोलापूर स्टेशनवर स्लीपरच्या डब्यात चढतो, बर्थवर चादर टाकतो आणि झोपून जातो. त्या बर्थवर गादी कुणी बसवली, हा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? मलाही पडला नव्हता. पण माझे आजोबा सांगतात, पूर्वी सेकंड क्लासमध्ये नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. सकाळी उतरताना पाठ अगदी आखडून जायची. गादी असायची ती फर्स्ट क्लासवाल्यांना!

हे बदलणारा माणूस इंजिनिअर नव्हता, तर फिजिक्सचा प्राध्यापक होता. मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. पण हा माणूस फक्त वर्गात रमणारा नव्हता. १९४२ च्या चळवळीत ते होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते.

जानेवारी १९७१ मध्ये बॅ. नाथ पै गेले. त्यांच्या राजापूर मतदारसंघातून त्याच वर्षी दंडवते लोकसभेवर निवडून आले. त्यानंतर १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९, असे सलग पाच वेळा! मध्ये आणीबाणी आली. जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले असतानाच त्यांना अटक झाली. ते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवड्यात.

१९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या रेल्वे संपात कामावरून काढून टाकलेल्यांना त्यांनी परत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, फर्स्ट क्लासच नसलेली गाडी! आणि सेकंड क्लासच्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला सुरुवात झाली. वरच्या वर्गाच्या सोयी काढून घ्यायच्या नाहीत, तर खालच्या वर्गाला वर आणायचं, हा त्यांचा विचार होता. आधी मोजक्या गाड्या, मग हळूहळू सगळ्याच. आपला सोलापूर विभागही दक्षिण मध्य रेल्वेतून मध्य रेल्वेत परत आला तो २ ऑक्टोबर १९७७ ला, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीत.

पुढे १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले, तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. या जोडीच्या काळात, १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. डोंगर, बोगदे, पूल असा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग आपल्या सिव्हिलच्या मुलांना तर पाठच असेल. पण गंमत बघा, गाडी कोकणात पोहोचायच्या आधीच, १९९१ च्या निवडणुकीत त्याच राजापूरने दंडवत्यांना हरवलं. वीस वर्षं खासदार राहिलेला माणूस घरी बसला. पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ मध्ये. मला वाचताना खूप वाईट वाटलं. इतकं काम करून लोक विसरतात, तर मग करायचं कशाला?

पण फोमकडे पाहिलं की उत्तर मिळतं. त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही. झोपणाऱ्याला नाव माहीत नसलं तरी त्याची पाठ दुखत नाही. काम झालं, बस्स!

१२ नोव्हेंबर २००५ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झालं. म्हणजे हा प्राध्यापक मेल्यावरसुद्धा विद्यार्थ्यांना शिकवत राहिला.

आपण उद्या इंजिनिअर होऊ. कुणी मशीन बनवेल, कुणी पूल, कुणी सॉफ्टवेअर. डिझाइन करताना फर्स्ट क्लासचा विचार सगळेच करतात. आपण फळीवर झोपणाऱ्याचा आधी करूया का?