फ्लॉरेन्स नाइटिंगेल : सोळा वर्षांची उमेदवारी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव ऐकताच हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी एक सेवाभावी स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. मीही शिक्षक म्हणून अनेक वर्षे मुलांना त्यांची एवढीच गोष्ट सांगत आलो. परंतु तो दिवा हाती येण्यापूर्वी या बाईंना किती वर्षे वाट पाहावी लागली, घरच्या माणसांचा विरोध कसा सोसावा लागला आणि जे शिक्षण त्यांच्या देशात सहजी मिळत नव्हते ते त्यांनी कसे मिळविले, हा त्यांच्या चरित्रातील खरा बोधप्रद भाग आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या घरांत आज वयात आलेल्या मुली आहेत, त्या घरांसाठी तो मुद्दाम येथे सांगत आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. आईवडील त्या वेळी प्रवासात होते आणि जन्मगावाचेच नाव मुलीस देण्यात आले. घरी कशाचीही वाण नव्हती. डर्बीशर परगण्यात एक वाडा आणि हॅम्पशरमध्ये दुसरा, नोकरचाकर, पाहुण्यांची सतत वर्दळ असा सारा थाट होता. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. मुलींसाठी विद्यापीठांची दारे बंद असलेल्या त्या काळात त्यांनी फ्लॉरेन्स व तिची थोरली बहीण पार्थिनोपी यांना घरीच लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण गोडी होती. मुलीने विदुषी व्हावे, मोठ्या घरात पडावे आणि संसार थाटावा, अशी घरच्यांची अपेक्षा होती. ती त्या काळास धरूनच होती.

वयाच्या सतराव्या वर्षी, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, ईश्वर आपणास सेवेसाठी बोलावीत आहे असा अनुभव फ्लॉरेन्सला आला. ती सेवा कोणती, हे मात्र तिला उमगले नव्हते. पुढे गावातील गरीब आजाऱ्यांच्या झोपड्यांत जाता येता तिच्या ध्यानी आले की, आपल्याजवळ माया आहे, औषध आणून देण्याची ऐपत आहे, पण रोग्याची शुश्रूषा कशी करावी याचे ज्ञान नाही. केवळ दयाबुद्धीने रोगी बरा होत नाही. दयेला विद्येची जोड लागते. हा विचार तिच्या मनात एकदा रुजला तो कायमचा.

१८४५ साली तिने आपला बेत घरी सांगितला. सॉल्सबरी येथील रुग्णालयातील मुख्य डॉक्टर कुटुंबाचे स्नेही होते. त्यांच्या हाताखाली तीन महिने राहून काम शिकावे, एवढीच तिची मागणी होती. घरात एकच कल्लोळ उठला. आई संतापली, बहिणीने अंथरूण धरले, वडील खिन्न होऊन बाजूला झाले. आज आपणास हे नवल वाटेल. परंतु त्या काळची रुग्णालये ध्यानात घेतली म्हणजे आईबापांची भीती अगदीच निराधार नव्हती हे पटते. दाटीवाटीच्या खाटा, कोंदट हवा आणि असह्य दुर्गंधी अशी तेथील अवस्था असे. ज्यांना दुसरे काम मिळत नसे अशा स्त्रिया तेथे परिचारिका म्हणून राबत आणि मद्यपान व सैल वर्तन यांविषयी त्या वर्गाची ख्याती वाईट होती. कुलीन मुलीने तेथे जाणे म्हणजे घराण्यास बट्टा, असेच सारे मानीत. मागणी धुडकावली गेली.

येथे फ्लॉरेन्सच्या स्वभावाची खरी परीक्षा झाली. ती घर सोडून पळाली नाही आणि आपला हेतूही तिने सोडला नाही. पहाटे घर जागे होण्यापूर्वी उठून मेणबत्तीच्या उजेडात तिने अभ्यास आरंभिला. रुग्णालयांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल मिळवून ती वाचू लागली, त्यांतील आकड्यांची टिपणे करून वह्यांमागून वह्या भरू लागली. न्याहारीची घंटा होताच वही मिटून ती खाली येई आणि दिवसभर घरची आज्ञाधारक मुलगी म्हणून वावरे. असा क्रम वर्षानुवर्षे चालला. कोणतेही विद्यालय नसताना, गुरू नसताना आणि उत्तेजन देणारे घरात कोणी नसताना केलेली ही पूर्वतयारी होती. पुढे लष्करी अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना निरुत्तर करणारे ज्ञान या पहाटेच्या वह्यांतूनच आले.

याच सुमारास जर्मनीतील कैसरवर्थ येथील संस्थेचा वार्षिक वृत्तान्त एका स्नेह्याकडून तिच्या हाती आला. ऱ्हाइन नदीकाठच्या त्या लहानशा गावी पास्टर फ्लीड्नर यांनी १८३६ साली एक संस्था काढली होती. तेथे रुग्णालय, अनाथाश्रम व बालशाळा होती आणि सच्छील स्त्रियांना रोग्यांच्या शुश्रूषेचे रीतसर शिक्षण दिले जाई. धर्मसंस्थेच्या आश्रयामुळे तेथे जाण्यास बदनामीचे भय नव्हते. फ्लॉरेन्सला आपली वाट दिसली. पण त्या वाटेवर पाऊल ठेवण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. दरम्यान रिचर्ड मंक्टन मिल्न्स या सुसंस्कृत गृहस्थाने तिला मागणी घातली होती. त्याच्याविषयी तिच्या मनात आदर व ओढ दोन्ही होती. तरीही १८४९ साली, पुष्कळ मनस्तापानंतर, तिने नकार दिला. संसार आणि हे कार्य दोन्ही आपल्या हातून साधणार नाही, असा तिचा निर्णय झाला होता.

१८५० साली इजिप्त व युरोपच्या प्रवासाहून परतताना फ्लॉरेन्सने कैसरवर्थ येथे दोन आठवडे मुक्काम केला. पुढील वर्षी, १८५१ च्या उन्हाळ्यात, ती तेथे सुमारे तीन महिने विद्यार्थिनी म्हणून राहिली. आई व बहीण त्या वेळी कार्ल्सबाड येथे हवापालटासाठी होत्या आणि ही गोष्ट चारचौघांत कळू नये अशी त्यांची सक्त इच्छा होती. पहाटे पाचला उठणे, साधे जेवण, दिवसभर रोग्यांची सेवा, असा तेथील दिनक्रम. वाड्यात वाढलेल्या या एकतीस वर्षांच्या मुलीला तेथेच जीवनात प्रथम खरे समाधान लाभले.

१८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्थापिका म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार नव्हता, परंतु वडिलांनी आता मन मोठे करून त्यांना वर्षास ५०० पौंड लावून दिले. सर्व धर्मपंथांच्या रुग्णांना प्रवेश मिळालाच पाहिजे, ही अट नाइटिंगेलबाईंनी पहिल्या काही आठवड्यांतच व्यवस्थापक मंडळाच्या गळी उतरविली. प्रत्येक मजल्यावर गरम पाणी यावे, जेवण वर नेण्यास यंत्र असावे, असा त्यांचा आग्रह होता. परिचारिकेचे पाय जिने चढण्यात झिजू नयेत, रोग्याकडे वळावेत, हा त्यामागील हेतू. सतराव्या वर्षी जाणवलेले कार्य तेहतिसाव्या वर्षी हाती आले. सोळा वर्षांची ही उमेदवारी होय.

पुढील इतिहास जगप्रसिद्ध आहे. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज जखमींचे हाल होत असल्याच्या वार्ता आल्या आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून बाई ३८ स्त्रियांसह निघून ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. निघण्यापूर्वी लंडनमध्ये लायक परिचारिका शोधताना फारच थोड्या स्त्रिया पसंतीस उतरल्या, कारण शिक्षण देणारी पुरेशी सोय देशात नव्हती. दुसऱ्या बाजूने, जमेका बेटातील मेरी सीकोल ही रोगचिकित्सेत अनुभवी असलेली स्त्री सेवेस सिद्ध असूनही तिला या कार्यात प्रवेश मिळाला नाही. आपला वर्ण आड आला असावा अशी शंका तिच्या मनात राहिली. ती स्वखर्चाने रणभूमीवर गेली आणि तिने सैनिकांची सेवा केली. थोरांचे चरित्र लिहिताना ही बाजूही झाकू नये.

स्कुटारीत पहिल्या हिवाळ्यात चार हजारांहून अधिक सैनिक दगावले. त्यांतील बहुतेक जखमांनी नव्हे, तर विषमज्वर, पटकी व अतिसार यांसारख्या रोगांनी मेले. इमारतीखालील गटारे तुंबलेली होती. मार्च १८५५ मध्ये आरोग्य आयोगाने येऊन ती साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. परत आल्यावर बाईंनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने सारे आकडे तपासले आणि स्वच्छतेच्या अभावी किती माणसे हकनाक गेली, हे रंगीत आकृत्यांद्वारे सरकारपुढे मांडले. आपल्याच इस्पितळाचे अपयश असे आकड्यांनी जगापुढे ठेवणे, हे धैर्य दिवा घेऊन फिरण्यापेक्षा थोर आहे असे मला वाटते.

युद्धकाळात जनतेने त्यांच्या नावे सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांचे विद्यालय निघाले. त्याच रुग्णालयातील एका ज्येष्ठ शल्यविशारदाचे मत होते की, परिचारिका म्हणजे घरकाम करणारी मोलकरीण. तिला विद्यालय कशाला? तरीही १५ विद्यार्थिनींनिशी आरंभ झाला. वय २५ ते ३५ असावे, चांगल्या वर्तणुकीचा दाखला असावा, असे प्रवेशाचे नियम होते. शिक्षण एक वर्षाचे. राहण्यास स्वतंत्र खोली, जेवण, गणवेश आणि वर्षास १० पौंड विद्यार्थिनीस मिळत. मुख्य परिचारिका मिसेस वॉर्डरोपर दरमहा प्रत्येकीचा तक्ता भरीत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा व टापटीप हे गुण त्यात एका बाजूस. जखम बांधणे, पट्ट्या गुंडाळणे, अंथरूण घालणे, रोग्याचे पथ्य शिजविणे, खोलीत हवा खेळती ठेवणे आणि रोग्याचे बारकाईने निरीक्षण करणे ही कौशल्ये दुसऱ्या बाजूस. ज्या घरांनी या कामाची लाज बाळगली होती, त्याच घरांतील मुली पुढे स्वतःचा खर्च भरून या विद्यालयात येऊ लागल्या. येथे शिकलेल्या परिचारिका १८६८ साली थेट ऑस्ट्रेलियातील सिडनीपर्यंत गेल्या.

क्रिमियात जडलेल्या आजारामुळे बाईंचे पुढील आयुष्य बहुतांशी खोलीतच गेले. पण लेखणी थांबली नाही. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, तरी येथील सैन्याच्या व पुढे खेड्यापाड्यांतील लोकांच्या आरोग्याचा प्रश्न त्यांनी अनेक वर्षे हाती धरला होता. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी पत्रव्यवहार केला. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा राजसन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान देऊ केला असता, त्यांच्या इच्छेस अनुसरून आप्तांनी तो नाकारला व गावच्या साध्या स्मशानभूमीत त्यांना पुरले. त्यांचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी. सुमारे तीस वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ माझा सल्ला घेण्यास आले होते. त्यांच्या मुलीस परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते. मुलगी माझी विद्यार्थिनी, हुशार आणि शांत स्वभावाची. रात्रपाळीचे काम, परक्यांची शुश्रूषा, पुढे लग्न जमण्यास अडचण, अशी कारणे सांगून मी नकार सुचविला. मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला आणि मुलीनेही निमूटपणे मानला. त्याच वर्षी मी वर्गात नाइटिंगेलबाईंचे चरित्र मोठ्या अभिमानाने शिकवीत होतो. या दोन गोष्टींतील विसंगती तेव्हा मला दिसली नाही.

ती दिसली २०२० साली. कोरोनाच्या साथीत मी अकरा दिवस रुग्णालयात होतो. मुलगा दाराबाहेर, पत्नी घरी. जवळ येण्याची कोणास मुभा नव्हती. नखशिखान्त झाकलेल्या, ज्यांचा चेहराही मला दिसला नाही अशा दोन मुली रात्रंदिवस माझी उशी सरळ करीत, श्वास मोजीत, पाणी पाजीत. त्यांच्या आईबापांनी कोणा मास्तरांचा सल्ला घेतला नव्हता, हे माझे भाग्य. ते वर्ष नाइटिंगेलबाईंच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष होते, हे मला घरी आल्यावर कळले. त्या विद्यार्थिनीची मी नंतर तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ती हसली आणि आपली धाकटी कन्या बारावीस शास्त्रशाखेत आहे, असे तिने सांगितले.

म्हणून आपल्या मंडळातील पालकांस विनंती करतो. मुलीने ही इच्छा बोलून दाखविली, तर सॉल्सबरीची पुनरावृत्ती करू नका. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यासाठी बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. त्यामुळे दहावीनंतरच शाखेचा विचार करावा. प्रवेश परीक्षेची तयारी वेळेवर आरंभावी आणि महाविद्यालयास परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रमही आहे. घरची स्थिती बेताची असेल तर संकोच न करता मंडळाकडे यावे. शिक्षणनिधी याहून चांगल्या कामी लागणार नाही. नाइटिंगेलबाईंना एकट्याने पहाटे उठून सोळा वर्षे जे करावे लागले, ते आपल्या मुलींना दिवसाढवळ्या, आईबापांच्या आशीर्वादाने करता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.